नाल्याचं पानी चाखनारा

कारध्याजवळ आमचा नाला वैनगंगेले मिळते. तिथं रोज सकाळी एक बावाजी सायकलनं पानी मोजाले ये. पान्यात रोवलेली मोजपट्टी पाहे, वहीत लिहे, मंग ओंजळभर पानी तोंडात घोळवून थुंके. मले वाटे, सरकार याले चुळा भराचा पगार देते.

एका उन्हाळ्यात घरवाली म्हने, "नाल्याच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्याचं पानी खारट लागून राहिलं."

"तुही जीभच खारट हाय," म्हनून मी बैल धुवाले नाल्यावर गेलो.

बावाजी पट्टीपाशीच होता. "पाऊस नाई, तरी दोन बोटं चढलं," म्हने. पानी चाखलं, तोंड वाकडं केलं, अन् काठाकाठानं वर निंगाला. जिथं उन्हाळी धानाच्या बांधीचं पानी नाल्यात पडे, तिथं एक घोट. मी हासत मागं. थांबला तो माह्याच बांधीवर.

"भाऊ, युरिया दुप्पट टाकला. धान जळाले लागला, तं काल बांधीतलं पानी नाल्यात सोडलं ना?"

एका पोत्यात इतकं पिकते, तं दोन पोत्यात दुप्पट, असं माहं डोकं. "सोडलं," मी म्हनलं.

"खाली झिऱ्यावर बाया पानी भरतेत," एवढंच बोलला, अन् आपल्या हातानं चिखल लावून बांधीच्या धुऱ्याले पाडलेली फोड बुजवली.

आता धुरा फोडाच्या आंधी मीच पानी चाखतो. घरवाली इचारते, "जीभ कोनाची खारट होती?"