इंजिनावरचा तळहात

वडिलांसाठी घेतलेलं कानाचं मशीन आमच्या कपाटाच्या खणात पडून असतं. ते लावलं की गावभरचा कालवा डोक्यात शिरतो, असं आबांचं म्हणणं. त्यांची उमेदीची सगळी वर्षं इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये गेली. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात कान गेले, पण तिथल्या दोन सवयी राहिल्या. एक, समोरच्याचे ओठ वाचायची. शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो, सगळे ओठांवरच बोलतात. आई घराच्या दारातून नुसते ओठ हलवायची आणि आबा बाजारातून नेमकी कोथिंबीर घेऊन यायचे. दुसरी सवय यंत्रावर तळहात ठेवायची. कुठला माग कुठं अडलाय ते त्यांच्या हाताला कळायचं.

हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी जे बोललो ते बोललोच. राग माझ्या नाकावर बसलेला असतो आणि अक्कल मागनं चालत येते.

माझी पिकअप आहे, जुनी, डिझेलवरची. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात भाजी भरायची आणि गगनबावड्यावरून घाट उतरून कोकणात पोचवायची, आठवड्याला तीन फेऱ्या. घर त्यावरच चालतं. गेल्या उन्हाळ्यात इंजिन ठोकायला लागलं. टक, टक, टक, खोल लोखंडी आवाज. आबा शेजारीच बसले होते. घरात करमत नाही म्हणून ते यार्डापर्यंत येतात. त्यांनी तळपाय खाली दाबून धरला आणि म्हणाले, "फुडं कायतरी हालतंय." मी मान डोलावली आणि विषय सोडून दिला.

दोन दिवसांनी आबांना घेऊनच गॅरेज गाठलं. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि निकाल दिला, "आतलं बेअरिंग गेलंय. इंजिन खोलाय लागंल. पंधरा दिवस धरा."

पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर माझी कोकणातली गिऱ्हाइकं दुसरा कुणीतरी नेणार, हे उघड होतं. टोमॅटो काही कुणाची वाट बघत नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, दाट ऑइल घाला. आवाज दबू दे. उद्यापासनं तीन फेऱ्या मारतो, मग खोला." त्यांना ते पटलं नव्हतं. "जबाबदारी तुमची," असं म्हणत त्यांनी डबा उचलला.

तेवढ्यात आबा पुढे आले. इंजिन चालूच होतं. त्यांनी मागच्या अंगाला तळहात टेकवला, मग मध्ये, मग पुढे, फिरत्या पट्ट्यापासून जपून. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "आत न्हाय ते. हितं फुडं हाय. पुलीत."

मिस्त्री डबा धरून थांबले. आधीच माझं डोकं तापलेलं, त्यात हे. मी आवाज खाली आणून त्यांना म्हणालो, "त्यांचं काय ऐकताय? बहिरं हाय म्हातारं. आवाजातलं त्यांस्नी काय कळतंय?"

आबा बॉनेटच्या पलीकडे उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते.

मिस्त्रींनी डबा खाली ठेवला. "पन बघू की. बघाय काय जातंय?" चार सिलिंडरना डिझेल नेणाऱ्या चार नळ्या असतात. एकेका नळीचा नट ते ढिला करत गेले, म्हणजे तेवढा सिलिंडर बंद पडतो. बेअरिंग गेलेला सिलिंडर बंद केला की ठोका मऊ पडतो. पहिला केला, फरक नाही. दुसरा, तिसरा, चौथा केला, तरी टक टक तशीच. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, पट्टा काढला आणि पुढची मोठी पुली हातानं हलवली. ती खिळखिळ्या दातासारखी हलली. बोल्ट सैल झाला होता आणि पुलीला दांड्यावर धरून ठेवणारी आतली चावी झिजून गेली होती.

त्यांनी हात पुसले. मग माझ्याकडे वळले. "ब्रेकचा व्हॅक्यूम पंप ह्याच पट्ट्यावर हाय, म्हाईत हाय न्हवं? घाटात पुली निसटली असती तर दोन-चार दाबात ब्रेक दगड झाला असता, कितीबी दाबला तरी धड लागला नसता. मागं टोमॅटोचा लोड, आनि फुडं उतार."

मी गॅरेजच्या पायरीवर बसलो. दाट ऑइल घालून उद्या मी त्याच घाटात उतरणार होतो, आवाज गेला म्हणून खुशीत. माझी पोरं घरी होती.

नवी पुली आणि चावी मिळाली, संध्याकाळच्या आत काम झालं. त्या मिस्त्रींचे उपकार मी विसरणार नाही. दुसरा कुणी असता तर गिऱ्हाइकाचं ऐकून ऑइल ओतून मोकळा झाला असता. हा माणूस एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःचा निकाल तपासायला बसला, आणि जाताना आबांचा तो काळा पडलेला हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मामा, येत जावा अधनंमधनं."

परत निघालो. इंजिन पूर्वीसारखं शांत चालत होतं. आबा डॅशबोर्डवर हात ठेवून, रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाले, "म्हातारं बहिरं हाय. पन हात हाईत की."

म्हणजे त्यांनी सगळं वाचलं होतं. आधी वाचलं, आणि नंतरही चार नळ्या तपासून होईपर्यंत उन्हात उभे राहिले, कारण उद्या घाटात मी जाणार होतो.

त्यांच्याकडे वळून मी नुसते ओठ हलवले, आई हलवायची तसे. "चुकलं, आबा."

त्यांनी ते वाचलं आणि समोर बोट केलं.

"रस्त्याकडं बघ."