फटाकडी कुणाची खरी?

सलूनवाल्यांनी आयुष्यभर लोकांची डोकी ताळ्यावर आणली, पण समोरच्या टेलरबाईंपुढे त्यांचं स्वतःचं डोकं कधी चाललं नाही. पन्नाशी उलटल्यावर एकदाचं धाडस करून त्यांनी लग्नाचं विचारलं. बाईंनी मशीन न थांबवताच सांगितलं, "गावच्या तळ्यात तुमची फटाकडी निघाली तर हो. माझी निघाली तर विषय बंद."

फटाकडी म्हणजे चिमणीहून थोराड, लव्हाळ्यात दडून बसणारा एक लाजरा पक्षी. तळ्यात तिची एकच जात आहे यावर दोघांचं एकमत. कोणती, यावर रोज जुंपायची. बाईंच्या फटाकडीचे पंख लांब, चोचीच्या मुळाशी लाल ठिपका आणि आवाज कुत्र्याचं पिल्लू नाकातून भुंकावं तसा, क्वॅक क्वॅक. सलूनवाल्यांच्या फटाकडीचे पंख आखूड, चोच नुसती हिरवी, पाठीवर पांढरे शिंतोडे. आवाज कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा. दिसत मात्र दोन्ही नव्हत्या.

"लाजतात हो," सलूनवाले म्हणायचे.

"तुमच्यापेक्षा कमीच," बाई म्हणायच्या.

मग सलूनवाले रोज दुकान उघडण्याआधी तळ्याकाठी दबा धरून बसू लागले. एके सकाळी पलीकडच्या लव्हाळ्यातून स्पष्ट ऐकू आलं: क्वॅक, क्वॅक, क्वॅक! बाईंची फटाकडी! म्हणजे लग्नाचा विषय बंद. पण खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं; गिऱ्हाइकाला टक्कल पडतंय हेसुद्धा ते तोंडावर सांगत. ते तडक बाईंच्या दुकानात गेले.

बाई दारातच उभ्या, चपला चिखलाने माखलेल्या. "जिंकलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "कर्रर्र आवाज मी आत्ता माझ्या कानांनी ऐकला."

सलूनवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. मग हात खिशातल्या कंगव्याला लागला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गप्प बसावं तर लग्न ठरलेलंच. पण त्यांनी कंगवा काढला आणि दातांवरून नख ओढलं. कर्रर्र!

"तो मी होतो हो बाई, पक्ष्याला बोलवत होतो. मला ऐकू आली ती तुमची, क्वॅक क्वॅकवाली. म्हणजे जिंकलात तुम्हीच."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग त्यांनी स्वतःचं नाक चिमटीत धरलं.

"क्वॅक, क्वॅक, क्वॅक!"

दोघं इतकी हसली, की मशीनवरची रिळं घरंगळत रस्त्यावर गेली. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि गळ्यातली टेप काढली.

"हात वर करा."

"कशाला?"

"मग लग्नाचा कोट काय दुसऱ्या टेलरकडे शिवणार?"