मामांचा उणे ‘अ’

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात न तपासता एकच गोष्ट पत्करली, ती म्हणजे मामी. आणि ‘तेव्हा मला वेळच दिला नाही’ ही त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही. भोईवाड्यातल्या घराला कुलूप लावलं की ते स्वतः तीनदा ओढतात, मग मामींना ओढायला लावतात. एकदा ऐन मे महिन्यात छत्री घेताना त्यांनी दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागितलं. तो म्हणाला, “प्यायला?” मामा म्हणाले, “नाही, ओतायला.”

असा माणूस निवृत्तीनंतर कंपायलरच्या नादी लागला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. मामांचा कंपायलर देशोदेशीच्या हौशी मंडळींनी मिळून चालवलेला. यंत्राला आकडेच कळतात, आणि अक्षराचा आकडा करताना या कंपायलरमध्ये एक खोट होती. इंग्रजी अक्षरं सरळ निघायची, मराठी मात्र उणे. मामांनी मला सकाळी सातला फोन केला. “जावईबापू, आपला ‘अ’ उणे बत्तीसपासून सुरू होतो! मग शाळेत घातलं कशाला आपल्याला?” आठवडाभर खपून त्यांनी सगळे आकडे अधिक केले, पुन्हा पुन्हा तपासले आणि दुरुस्ती मंडळींनी स्वीकारली.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा गावच्या शिक्षिकेचा निरोप आला. नवा कंपायलर घेतल्यापासून तिचा गुणपत्रिकांचा प्रोग्रॅम फाइल वाचायला लागला की थांबतच नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी निकाल होता. मी आणि बायको तेव्हा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मामांनी ताट सरकवलं. “तपासूनसुद्धा चुकलो रे,” एवढंच म्हणाले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

मामी पाणी ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, पण फाइल संपली हे त्याला सांगतं कोण?”

मामा ताडकन उठले. फाइल संपल्याची खूण होती उणे एक. अक्षरांच्या उत्साहात त्यांनी तिलाही अधिक करून टाकलं होतं! तासाभरात त्यांनी अक्षरं तेवढी अधिक ठेवली, खुणेला तिचं उणेपण परत दिलं, भरलेल्या, रिकाम्या, अर्धवट फाइली वाचून पाहिल्या आणि दुरुस्ती शिक्षिकेला पाठवली. आम्ही चौघं संगणकाच्या पडद्याकडे बघत बसलो. उत्तर एका शब्दाचं आलं : “थांबला!”

“वाढ गो,” मामा मालवणीत ओरडले, “जीव भांड्यात पडलो!” आणि दोनदा भात घेतला.

ते जेवत असताना मी पडद्यावर त्यांची चाचणीची यादी, म्हणजे कंपायलर तपासायला त्यांनी त्याला जोडून दिलेली नावं, चाळली. ज्ञानदेव, त्र्यंबक, ऋतुजा, क्षमा, कृष्णाबाई... “ही कोण मंडळी?”

“आमची जुनी चाळ. खोली नंबर एकपासून. पाडली तेव्हा कोणी शीवला गेलं, कोणी वडाळ्याला, काही तर...” मामांनी आमटीची वाटी जवळ ओढली. “जोडाक्षरं बरी आहेत त्यांच्या नावांत. जगात कुठेही कोणी हा कंपायलर तपासला, की सगळी एकदा हजेरी देऊन जातात.”

मामींनी पडदा थोडा आपल्याकडे वळवला आणि ती नावं हळू आवाजात वाचू लागल्या.