चौकशीच्या खिडकीतले काका

चांगली वेबसाइट कशी असावी हे कळणारा अख्ख्या कोथरूडमध्ये एकच माणूस आहे, आणि त्याला स्वतःच्या फोनवरचा अलार्म बंद करता येत नाही. हे आमच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका. पहाटे त्यांचा अलार्म सुरू झाला की तो थकून गप्प होईपर्यंत सगळी इमारत जागी होते. मी पोटासाठी वेबसाइट बनवतो, त्यातली पदवीही माझ्याकडे आहे. तरी नवीन काम झालं की मुकाट्याने लॅपटॉप घेऊन खाली जातो, कारण काकांनी नापास केलेली साइट पुढे कधी चाललेली मी पाहिली नाही.

काकांची हयात एका बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत गेली. त्यामुळे वेबसाइट म्हणजे खिडकी, हा त्यांचा सिद्धांत. आलेल्या माणसाला गाडी कुठली, कधी आणि कुठून सुटते, एवढंच हवं असतं. “त्याला आगाराचा इतिहास सांगत बसलास तर त्याची गाडी जाईल की नाही?” एका दातांच्या डॉक्टरांच्या साइटवर मी पहिल्याच पानावर डोंगरामागून सूर्य उगवताना दाखवला होता. काकांनी तो पुरता उगवेपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “छान. आता ज्याची दाढ ठणकतेय त्याने काय करायचं? अर्घ्य द्यायचं?” बारीक करड्या अक्षरांवर त्यांचा विशेष राग. “सांगायची लाज वाटतेय तर लिहितोस कशाला?” फोन नंबर वर, पत्ता त्याखाली, बटण अंगठ्याला सापडेल एवढं मोठं, आणि चित्र उघडेपर्यंत चहा गार होत असेल तर चित्र काढून टाकायचं. यावर अपील नाही.

पण त्यांची खरी मातब्बरी परीक्षा घेण्यात. गॅस सिलिंडरवाला येवो की वर्गणी मागायला आलेला गणपती मंडळाचा कार्यकर्ता, काका त्याच्या हातात फोन देतात, एक काम सांगतात आणि समोर तोंड मिटून बसतात. मदत करायची नाही, हूं की चूं करायचं नाही. माणूस चुकला तर चूक साइटची. एका कार्यकर्त्याला असा घाम फुटला की बिचारा वर्गणी न घेताच गेला. हा निव्वळ योगायोग, असं काकांचं म्हणणं.

माझ्या थोरल्या बहिणीने नोकरी गेल्यावर मागच्या गल्लीत एक जागा भाड्याने घेऊन घरगुती डबे सुरू केले. ताईच्या हाताला चव आहे, पण गिऱ्हाईक फिरकेना. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर जागा सोडून द्यायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. साइट मी केली आणि मजकूर लिहायला काका आपणहून पुढे सरसावले. मांडणी झकास झाली. नंबर वर, आजची भाजी खाली. आणि त्याखाली काका लिहिते झाले: “डबा बाराला येतो. पावणेबाराला फोन करून कुठवर आला ते विचारू नये. भाजी बदलून मिळणार नाही. पोळ्या मऊच असतात, खात्री करून घेऊ नये.” मी पोट धरून हसलो. ताई हसली नाही.

“काका, मुळात मला कुणी काही विचारतच नाहीये हो,” ती म्हणाली.

“मग परीक्षा घेऊ,” म्हणत काकांनी काकूंना बाहेर बोलावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. काम साधं होतं, उद्याचा डबा मागवायचा. काकूंनी चष्मा लावला, सावकाश सगळं वाचलं आणि फोन टेबलावर ठेवून दिला.

“मला नको. घरात काही विचारायची चोरी, आता डबेवाल्यांकडेही तेच?” एवढं बोलून त्या आत गेल्या.

नियमाप्रमाणे काका गप्प होते. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी स्वतःच सगळं पुन्हा वाचलं. मग त्यांनी मला तो सगळा मजकूर पुसायला लावला आणि एकच ओळ सांगितली: “काहीही विचारायचं असलं तर फोन करा, कितीदाही करा.”

त्याच रात्री मी साइट सुरू केली. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन खरंच वाजला, आणि मग वाजतच राहिला. वसतिगृहातल्या मुली, एकटे राहणारे आजोबा, बाळंतिणीची आई. जागा सोडायचा विषय ताईने पुन्हा काढला नाही. पहिला फोन कुणाचा होता, हे मात्र तिने मला जरा उशिराच सांगितलं. काकूंचा होता. दोन माणसांचा डबा रोज मिळेल का, असं विचारत होत्या. “अगं, ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात माझे. यांच्याकडे कधी बोलले नाही,” म्हणाल्या.

हल्ली मागच्या गल्लीतून डबा आणायला काका स्वतः जातात. परवा परतताना फाटकापाशी भेटले. “काय रे, उद्याची भाजी तुझ्या ताईला कळवायची होती,” ते म्हणाले. “आमच्या हिला पालेभाजी जास्त आवडते की फळभाजी, काही कल्पना?”

“अहो काका, काकूंनाच विचारा की.”

“विचारतो,” म्हणाले, पण डबा हातात धरून तिथेच उभे राहिले. उभा जन्म लोकांना उत्तरं देण्यात गेला, आणि आता एवढासा प्रश्न घेऊन त्यांना घरात जाववत नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया आजवर कधी वाटली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी शर्ट नीट केला आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवली.