शिंपल्यांची टोपली

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या मासळीबाजारात त्या बाईला मी एकदाच पाहिलं. शहराजवळच्या तलावावर शेवाळाचा विषारी हिरवा तवंग आल्यामुळे तिथले शिंपले काढायला तातडीची बंदी होती, तरी मासे विकणारा एकजण ते खुशाल विकत होता. "उकडले की इख जाते," तो मला समजावत होता.

तेवढ्यात तिनं त्याची टोपलीच गटारात उलटी केली.

"उकडूनच खाल्ले माह्या लेकानं! आता त्याले पान्याचा घोटबी गिळता येत नाही. कावून खोटं बोलून राहिला तू?"

तो शिव्या देत राहिला. ती पदर खोचून एकेक शिंपला टाचेखाली फोडत होती. टाचेतून रक्त आलं तरी थांबली नाही. मीही शिंपले फोडायला पाय पुढे केला, तर माझ्यावरच ओरडली, "सरक! हे माहं काम हाय."