टेलरमामा निघाले

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा लेकीने घरातच ठेवायची व्यायामाची सायकल सुचवली. टेलरमामा भडकलेच. "चाळीस वर्षं शिलाई मशीनला पाय मारतोय, इंचभरही पुढे सरकलो नाही. आता व्यायामही जागच्या जागीच करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी इलेक्ट्रिक सायकलींच्या दुकानात हजर! गळ्यातली टेप काढून त्यांनी आधी स्वतःच्या पायाचं माप घेतलं, मग एकेका सीटची उंची मोजली. दुकानदार बॅटरीचं कौतुक सांगत राहिला आणि मामांनी मापात बसलेली निळी सायकल घेऊनही टाकली.

पहिल्याच पॅडलला मोटरने मागून असा काही रेटा दिला, की मामांच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. पाण्याच्या टाकीचा चढ कधी आला नि कधी गेला, कळलंसुद्धा नाही. उतारावर तर शर्टाच्या पाठीत वारा भरला आणि मामा चक्क शीळ घालू लागले.

तासाभराने लेकीचा फोन आला. "बाबा, दुकानापाशी गिऱ्हाईक ताटकळलंय! आहात कुठे?"

मामांनी पाय टेकवून इकडेतिकडे पाहिलं. एकही रस्ता ओळखीचा नव्हता.

"कुणास ठाऊक!" ते आनंदाने ओरडले.