कुंडीतले बटाटे

उन्हाळ्यापुरत्या मोठाल्या कुंड्या आडव्या मांडून गल्ली गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांना मोकळी करून द्यायची आणि सप्टेंबरात कुंड्या उचलायच्या, हे स्टॉकहोमच्या पालिकेत गुनव्होरचं काम. यंदा तिचीच गल्ली निघाली. नवरा रुने धुसफुसला, "बाईसाहेब, गाडी काय उशाशी घेऊन झोपू?"

सप्टेंबरात ती ट्रक घेऊन आली, तर रुनेने तीच गाडी कुंडीपुढे आडवी लावलेली.

"हो बाजूला! आज रस्ता गाड्यांना मोकळा झाला नाही, तर पुढल्या वर्षी पालिका ही गल्ली चालणाऱ्यांना द्यायची नाही."

"आत माझे बटाटे आहेत. अजून आठवडा हवा."

"मी फुलं लावली होती त्यात!"

"उकडलेले बटाटे शेपू घालून खातात. फुलं खातेस तशी?"

गुनव्होरने फावडंच त्याच्या हातात दिलं. बोराएवढे बटाटे टोपीत वेचत रुने पुटपुटला, "पुढल्या वर्षी कुंड्या लवकर आण."